विहीणबाईंची माती

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. मुलाला नाही, सुनेला तर नाहीच. देवासमोर बसते, पण तिथंही हे सोडून बाकी सगळं बोलते. मला दुसरीपुढं शाळा नाही, लिहिता येत नाही. बोललं की फोनच लिहितो, हे नातीनं दाखवलं — म्हणून तुम्हाला सांगतेय. दुपारची वेळ आहे, घरात कुणी नाही.

इथं अमेरिकेत, अल्फारेटाला येऊन आता मला बरीच वर्षं झाली. आधी मी सहा महिनेच यायची. मुलगा संजू आणि सून केतकी, दोघांचं ऑफिस, आणि पोरगी लहान. मग सहा महिने मी, सहा महिने केतकीची आई. इथं घरोघर तसंच — एक आजी विमानातून उतरते, दुसरी चढते. मी थंडीत यायची, विहीणबाई उन्हाळ्यात. त्या नागपूरच्या, शाळेत शिकवून रिटायर झालेल्या. नवरा गेला त्याच वर्षी पहिल्यांदा इथं आल्या.

इथली माती लाल. ओली असली की चपलेला चिकटते, वाळली की विटेसारखी. त्या बाईनं मागच्या अंगणात चार फळ्या ठोकून वाफा केला. भाज्यांची देठं, चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं, सगळं त्यात. लोक पानगळीची पानं पोत्यात भरून रस्त्याकडेला ठेवतात, ती पोती ओढत आणायच्या. वाफ्यात पाय टाकू द्यायच्या नाहीत कुणाला. माती उघडी ठेवायची नाही, वर पानांचं पांघरूण पाहिजेच. हे सगळं त्यांनी पुस्तकात वाचलेलं. मी चाळीस वर्षं रानात राबलेली — मला हसू यायचं.

पण तिसऱ्या वर्षी मी ऑक्टोबरात आले आणि पानं बाजूला सारून हात घातला, तर मनगटापर्यंत आत गेला. काळी, भुसभुशीत. मूठभर उचलली तर पाच-सहा गांडुळं. खरं सांगू? असली माती मला जन्मात मिळाली नव्हती.

आमचं रान दीड एकर. कालवा आला, तसं आमच्या मालकांनी उसाला पाणी सोडून दिलं — किती? हिशेबच नाही. दहा वर्षांत जमिनीवर मीठ फुटलं. पांढरी खपली. चोपण झाली. चोपण म्हणजे — पाणी आत जात नाही, बी उगवत नाही, पायाखाली माती नाही, चामडं वाटतं. मी ते बघितलंय. मीठ मातीचं काय करतं हे माझ्याइतकं कुणाला कळणार होतं?

तेच तर सांगायचंय.

नात त्या वाफ्याच्या कडेला बसायची. गांडुळांशी बोलायची, इंग्रजीत. माझ्याशीही इंग्रजीतच, मला काही कळायचं नाही. एकदा मेथी उपटायला गेले तर माझ्या हातावर चापट मारली. "डोन्ट! आजी विल बी सॅड!" एवढं मला कळलं. आजी म्हणजे ती. मग मी कोण? त्याच आठवड्यात घरी पाहुणे होते. मी आत पोळ्या लाटत होते, आणि केतकी बाहेर सांगत होती, "आईच्या हाताला गुण आहे, काकू. विटेची माती केली तिनं." एक बाई म्हणाली, "आणि सासूबाई?" केतकी हसली. "त्यांना थंडी वाजते."

मी उरलेल्या पोळ्या लाटल्या.

मार्चात, परत जायच्या आधी, मी मीठ घातलं. इंडियन स्टोअरमधलं, साधं खायचं. रोज दुपारी बादलीत कढत पाण्यात विरघळवायची आणि पानं बाजूला सारून ओतायची. केतकी वर मीटिंगमध्ये असायची. पंधरा दिवस. रोज पानं परत जागेवर, नीट. गांडुळं वर आली, वळवळली. मी बघत उभी राहिले — नजर काढली नाही. रागानं डोकं फिरलं होतं असं म्हणू का? नव्हतं फिरलं. शांत होते मी.

मग मी गावी गेले, त्या आल्या. उन्हाळाभर काही उगवलं नाही. तीनदा बी टाकलं त्यांनी. संजूनं माती तपासायला पाठवली, मीठ फार आहे असं उत्तर आलं.

ऑक्टोबरात आम्ही दोघी आठ दिवस एकत्र होतो. त्यांना वाटलं चूक त्यांचीच — उरलेली आमटी, भाजी, खरकटं त्या त्यात टाकायच्या, त्यातलं मीठ साचलं. मला घेऊन गेल्या वाफ्यापाशी. खाली बसल्या, मातीला हात लावून कपाळाला लावला. म्हणाल्या, "विहीणबाई, मी नासवली हो. पोरीनं किती जीव लावला होता." मी म्हणाले, "होतं असं. खरकटं टाकू नये." असं म्हणाले मी. त्या मान हलवत राहिल्या.

पुढच्या वर्षी आल्या त्या घरातच बसल्या. कुंडीतही बी टाकलं नाही. नात विचारायची, मग विचारेनाशी झाली. गेल्या वर्षी विहीणबाई नागपुरात वारल्या.

आणि अजून एक राहिलं. हे मिठापेक्षा वाईट.

त्या दिवशी वाफ्यापाशी त्यांनी मला विचारलं होतं, "तुम्ही शेतातल्या. काही उपाय असेल तर सांगा ना. मी करीन, कितीही वेळ लागू दे."

आमच्या शेजारच्यांचं रानही चोपण झालं होतं. त्यांनी कडेनं खोल चर काढले, जिप्सम टाकलं, गोडं पाणी सोडून मीठ धुऊन चरात उतरवलं. मग ताग पेरला, हिरवा असतानाच खत म्हणून गाडला. तिसऱ्या वर्षी तिथं गुडघाभर हरभरा होता. ते चर मी खणले होते, रोजंदारीवर, या हातांनी.

विहीणबाई माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी म्हणाले, "नाही हो. मेलेली माती परत उठत नसते."