रिमवरचा नारळ

आमच्या घरात नवं वाहन आलं की नारळ त्याच्या चाकावरच फोडायचा. बैलगाडीच्या लोखंडी धावेपासूनची ही रीत. ट्रॅक्टरनंही ती निमूट सोसली. पूजेचा मान माझा, कारण दुसरं कुठलं काम माझ्यावर कोणी सोपवत नाही.

लेक डोंगरात सायकल चालवते. तिला कार्बनच्या रिमा हव्या होत्या, हलक्या पण आम्हाला झेपतील अशा. नावाजलेल्या रिमांच्या किमती बघून आम्ही मोबाइल खाली ठेवला. शेवटी बिननावाची जोडी साडूनं सुरतेहून आणली. स्पोकसाठी अठ्ठावीस भोकांची घ्यावी की बत्तीस, यावर आधी चार दिवस खल झाला होता. ती म्हणे, अठ्ठावीस पुरे, वजन वाचतं. मी म्हटलं, जेवढे स्पोक जास्त, तेवढा बापाच्या जिवाला घोर कमी. जिंकलो. आयुष्यात तेवढंच.

नंदुरबारच्या मिस्त्रीनं चाकं बांधली, एकेक स्पोक छेडून, कान लावून. देताना मला म्हणाला, "दादा, ॲल्युमिनियम वाकस, आधी सांगस. हाई कार्बन सांगत नही. एकदम तुटी जास." मी जाणत्यासारखी मान हलवली.

संध्याकाळी पूजा. लेक आत प्रसादाचं ताट घ्यायला गेली आणि मी सवयीनं नारळ पुढच्या चाकावर आपटला. पहिल्या फटक्यात फुटला नाही. म्हणून दुसरा, जोरात. पाणी मनगटावरून ओघळलं तेव्हा मिस्त्री आठवला. रिम पुसून पाहिली. साधा ओरखडाही नव्हता. त्या जागी मी जरा जास्तच कुंकू लावलं.

"पप्पा, नारळ कुठे फोडला?"

"पायरीवर."

सकाळी सायकली जीपच्या टपावर बांधून ती दोन मैत्रिणींबरोबर तोरणमाळला गेली. वरून घाट उतरून यायचा होता. बायको अंगण झाडता झाडता थांबली.

"अहो, पायरी तर कोरडी आहे. मुंग्या तिकडे लागल्यात, सायकल उभी होती तिथं."

झाडू तिच्या हातात तसाच राहिला.

फोन लावला, वर रेंज नव्हती. मोटारसायकल काढून घाटाच्या पायथ्याशी गेलो. वरून एक दगड गडगडत आला तरी मी उठून उभा राहायचो. पहिली मैत्रीण उतरली. मग दुसरी. "ती मागेच आहे, काका," म्हणाली. डोंगरात मागे म्हणजे किती मागे?

ती आली. हसत, धुळीनं माखलेली. मी तिथंच सांगितलं, पायरी नाही, चाक.

तिनं सायकल उलटी केली आणि माझ्या मोटारसायकलच्या किल्लीनं रिम ठोकत गेली. टण्. टण्. टण्. कुंकवाच्या जागी आवाज बद्द आला, आतून तडकल्यासारखा. तिनं पुन्हा ठोकलं. पुन्हा बद्द.

"शेवटच्या उतारावर मी ब्रेक लावलाच नव्हता. लावला असता, तर चाक तिथंच गेलं असतं," ती हळूच म्हणाली आणि रस्त्याकडेच्या दरीकडे बघत राहिली.

ते चाक आता गोठ्यात खुंटीला आहे. कुंकू अजून गेलेलं नाही. हल्ली निघताना ती दोन्ही चाकं वाजवून बघते. मग एकदा माझ्याकडे बघून विचारते, "पप्पा, काही सांगायचं राहिलंय?"

नाही म्हणतो. तरी ती पुन्हा वाजवते.