वाटीत पिळलेलं पिवळं दूध

तुमच्या घरी शेवटचं बाळ जन्मलं, तेव्हा त्याच्या आईचं पहिलं, घट्ट, पिवळं दूध बाळाच्या पोटात गेलं, की मोरीत?

आमच्या घरी ते मोरीत जायचं. घर कसलं, तर जिथे गंडेदोरे नाहीत, पाचवीची पूजा नाही, आणि मी वाचायला शिकले तीच बाबा गावोगाव वाटायचे त्या अंधश्रद्धेविरुद्धच्या पत्रकांवर. सगळं सोडलं, पण पहिलं दूध पिळून टाकणं सुटलं नाही. ते कुणाला कर्मकांड वाटलंच नाही. ती स्वच्छता होती. नऊ महिने साठलेलं दूध नव्या जिवाला कसं पाजायचं? आणि पत्रकं लिहिणारे सगळे पुरुष. बाळंतिणीच्या खाटेजवळ काय चालतं, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी, मोहफुलं वेचायच्या दिवसांत, ताई तालुक्याच्या दवाखान्यात बाळंत झाली. भद्रावतीच्या सासरहून ती सातव्या महिन्यातच पोंभुर्ण्याजवळच्या आमच्या गावी आली होती. मुलगी झाली. नर्सबाई "लगेच पाजा" म्हणाल्या आणि दुसऱ्या बाळंतिणीकडे धावल्या. आईनं पिशवीतून धुतल्या फडक्यात गुंडाळलेली वाटी काढली. घरून उकळून आणलेली. सोबत डबीत गूळपाणी.

"माय, काय करून राह्यली?" मी विचारलं.

"खराब दूध काढून टाकतो. तीन दिवस गूळपाणी, मंग आंगावर पाजू."

मी तिथेच सुरू झाले. म्हटलं, त्या दुधात आयजीए नावाची प्रतिपिंडं असतात, भरपूर. ती बाळाच्या आतड्याच्या ओल्या अस्तरावर पसरतात आणि हगवणीच्या जंतूंना पकडून ठेवतात, अस्तराला चिकटू देत नाहीत. बाळाचं शरीर सुरुवातीला ती स्वतः फारशी बनवू शकत नाही. आणि ऐक, आईच्या आतड्यानं जे जंतू ओळखले, ते ओळखणाऱ्या पेशी तिथून छातीपर्यंत जातात. ताई दोन महिने आपल्या बोरिंगचं पाणी पिऊन राह्यली, तुझ्या हातचं जेवून राह्यली. इथल्या जंतूंवरचं औषध तिच्या दुधात तयार होऊन बसलंय, आणि तू ते फेकतेस!

"बापावर गेली," आई म्हणाली. "इथी सभा हाय काय?"

शेजारच्या खाटेवरची बाई हसली. "बाई, तिले माईक आणून द्या कोणी."

मला राग आला. मी आवाज चढवला. "गूळपाण्यानं हगवण लागते. लेकरं मरतात!"

आईचा हात थांबला. वाटी हातातच होती. मग ती इतक्या हळू बोलली की मला वाकावं लागलं.

"म्हंजे माह्या पहिल्या पोराले म्याच मारलं काय?"

आमच्या आधी तिला एक मुलगा झाला होता, हे मला ठाऊक होतं. महिन्याच्या आत गेला, एवढंच. हगवणीनं गेला, आणि आधी त्याला गूळपाणी पाजलं होतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. मी म्हणतेय ते खरं असेल, तर तिच्या स्वच्छ वाटीचं काय, हे ती मघापासून मनात धरून होती, आणि मी तिला आतड्याचं अस्तर समजावत होते.

"नाई, माय," मी म्हणाले. "त्याले कशानं झालं ते आता कोणीच सांगू शकत नाई. तुले जे चांगलं म्हणून सांगितलं, ते तू केलं. खरी गोष्ट सांगाले तुह्याकडे कोणी आलंच नाई. आपले पत्रकवाले भी नाई आले."

तेवढ्यात ताई कण्हली, "माय, मले धरून बसव ना. पोरगी रडून राह्यली."

आईनं वाटी खाली ठेवली. ताईच्या पाठीशी बसली, तिला स्वतःवर रेलून घेतलं आणि पोरीचं डोकं तळहातावर धरून छातीशी नेलं. मला त्यातलं काही जमलं नसतं.

"दोन-चार थेंबच येतात वं," आई म्हणाली.

"तेवढंच पुरते."

"पी बाई," ती नातीला म्हणाली. "तुह्या मामाले नाई भेटलं."

गूळपाणी शेजारच्या बाईंनी मागून घेतलं आणि स्वतः प्याल्या.

भाचीला पुढे सर्दी झाली, एकदा पोटही बिघडलं. ते दूध जादू नाही. पण जन्मल्याबरोबर मिळणारं हे संरक्षण आपण आपल्या हातानं सांडतो, आणि ज्या बायका ते सांडतात त्यांना अडाणी म्हणून मोकळे होतो, याची मला चीड येते.

म्हणून एक करा. तुमच्या घरात किंवा गल्लीत कुणाचे दिवस भरत आले असतील, तर या आठवड्यात तिच्या आईजवळ किंवा सासूजवळ जाऊन बसा. बाळाला तासाभरात छातीला लावा, पिवळं दूध पाजा, गूळपाणी किंवा मध नको, हे त्यांना सांगा. पण त्याआधी विचारा, तुमचं कुणी लेकरू गेलं होतं का? आणि त्या बोलतील तितका वेळ ऐका.