केडगावकडचा समुद्र

इमारत बांधणारे वेगळे आणि ती चालवणारे वेगळे. बांधणाऱ्यांनी चालवणाऱ्यांच्या हातात किल्ल्या दिल्या की काम संपलं, असं बाहेरच्यांना वाटतं. खरं म्हणजे किस्से साठायला सुरुवात तिथूनच होते!

आमच्या नगरच्या हॉस्पिटलची नवी इमारत ताब्यात आली, तेव्हा कुठली वायर कुठं जाते, कुठला पंप कधी बसवला, ही सगळी माहिती कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझ्याकडे आलं. जुन्या इमारतीचं रेकॉर्ड मीच बघत होते. मेंटेनन्सचे लोक मला वहिनी म्हणतात, कारण या बांधकामावर साइट इंजिनिअर माझे यजमान होते; त्यांना सगळे साहेब म्हणत. काम पुरं व्हायच्या थोडं आधी ते गेले. इमारत त्यांना पाठ होती.

हळूहळू सगळं सापडलं, एक सोडून. तिसऱ्या मजल्याचं पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह! तो फॉल्स सीलिंगच्या आत कुठंतरी होता, आणि त्या मजल्याच्या बरोबर खाली ऑपरेशन थिएटर. मोठे डॉक्टर एवढंच म्हणाले, "तो सापडेपर्यंत एकही पेशंट इकडे आणायचा नाही."

*

माहिती आली ती टेम्पोतून, पोत्यांत भरून.

"अहो, आम्ही सॉफ्ट कॉपी मागितली होती," मी कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाला म्हटलं.

"आहे की मॅडम! पोत्यातच आहे."

"कुठल्या?"

"ते आता बघावं लागेल."

आमचे प्लंबर शकीलभाई, नागापूरच्या कारखान्यात उमेदीची वर्षं काढलेले. बाह्या सारत ते पोत्याशी बसले. "चला वहिनी, समजा गहू निवडतोय!"

तळाशी पेनड्राइव्ह निघाला. त्यात ड्रॉइंग्ज होती आणि फोटोंचा ढीग. एकाही फोटोला नाव नाही.

*

ड्रॉइंगवर केडगावच्या बाजूला लिहिलं होतं, 'समुद्राकडील दर्शनी भाग'.

इलेक्ट्रिशियन बबनराव मिरजगावचे. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. "आमच्याकडं टँकरची वाट बघत्यात, आन् हितं समुद्र हाय व्हय!"

कन्सल्टंटला फोन केला. त्यांनी आधी कोकणात एक हॉटेल केलं होतं. तेच ड्रॉइंग बदलून आमचं बनवलं. "तेवढी एक ओळ राहिली," म्हणाले.

त्याच ड्रॉइंगवर व्हॉल्व्ह जिन्याजवळ दाखवला होता. तिथलं छत उघडलं, तर आत नुसता पाइप.

शिडीवरून बबनराव म्हणाले, "हॉटेलातला आसंल त्यो, वहिनी. बंद करायला कोकनात जावं लागंल!"

तेव्हापासून आम्ही त्या बाजूला 'समुद्राकडे' असंच म्हणतो.

*

प्रत्येक मशीनला क्यूआर कोडचं स्टिकर लावलं. मोबाईल धरला की सगळी माहिती पुढ्यात! मी खूष होते. मग खंडेनवमी आली.

बबनरावांनी सगळ्या पंपांची, पॅनेलची मनोभावे पूजा केली. दुसऱ्या दिवशी एकही स्टिकर वाचलं जाईना. प्रत्येकावर ठसठशीत हळदकुंकू!

"बबनराव, हे काय?"

"वहिनी, एवढ्या मोठ्या लोखंडावर तेवढाच पांढरा तुकडा. देवाला कपाळ कुठं, ते आमी वळखलं!"

नवीन स्टिकर छापून घेतली. त्यांवर कोडच्या खाली एक मोकळी चौकट आहे. तीत लिहिलंय, 'पूजेसाठी जागा'.

*

तक्रारींचं ॲप सुरू केलं. पहिलीच तक्रार आली, 'मावशी बसतात तिथं लाइट जाते.' ॲप म्हणे, अशी जागा नाही. ड्रॉइंगवर तिचं नाव होतं 'स्टोअर तीन', आणि ते मावशींनाही ठाऊक नव्हतं.

शेवटी मी सिस्टीममध्ये जागाच वाढवली, 'मावशी बसतात तिथं'. पुण्याहून तपासायला आलेल्या साहेबांनी विचारलं, "हे काय आहे?"

शकीलभाई म्हणाले, "चला, दाखवतो. चहाही मिळेल."

*

व्हॉल्व्ह मात्र मिळेना. डॉक्टर रोज विचारायचे. दुपारी आम्ही तिघं ते बिननावाचे फोटो पुढं सरकवत बसायचो. पाइप, पाइप आणि पाइप. सगळे सारखेच.

एका फोटोवर शकीलभाईंचा हात थांबला. "हे काय लटकलंय? निळं?"

पिशवी होती. जुन्या पडद्याच्या कापडाची, एका बंदाला वेगळ्या रंगाचा दोरा. निळा दोरा घरात संपला होता म्हणून मी दुसरा घेतला होता.

"डब्याची पिशवी आहे," मी म्हटलं. "खाली ठेवली तर मुंग्या लागतात म्हणून ते वर टांगायचे."

मग बबनराव स्क्रीनजवळ वाकले. "वहिनी, टांगलीय त्यो लाल दांडा बघा, व्हॉल्व्हचाच हाय. आन् मागच्या खिडकीत ही केडगावची टाकी न्हवं का?"

"समुद्राकडे!" शकीलभाई शिडी उचलून निघालेसुद्धा.

शेवटच्या खिडकीसमोरची सीलिंगची टाइल सरकवली. शकीलभाई कमरेपर्यंत आत गेले. मी नळ सोडून उभी होते. धार बारीक झाली, थेंबांवर आली आणि थांबली.

"थांबलं?" वरून आवाज आला.

"थांबलं!"

बबनरावांनी डॉक्टरांना फोन लावला. "साहेब, आना पेशंट!" त्यांचा आवाज सगळ्या मजल्यावर घुमला.

शकीलभाई खाली उतरले. डोक्यावरची धूळ झटकली, माहिती भरायला मोबाईल काढला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "वहिनी, जागेचं नाव काय टाकू?"

"टाका," मी म्हटलं, "साहेब डबा टांगायचे तिथं."