गाठी सोडणाऱ्या वनजाबाई

सकाळी कचऱ्याची गाडी यायच्या आधी आमच्या बिल्डिंगखाली एक वयस्कर बाई दुसऱ्यांच्या कचऱ्याच्या पिशव्यांच्या गाठी सोडत बसलेल्या असत. केसांत मोगरा, अंगावर इस्त्रीची सुती साडी आणि हातांत रबरी मोजे. नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे मी नुकतीच कराडहून चेन्नईत आले होते. बाईंचं डोकं ठिकाणावर नसावं, असं ठरवून मी मोकळी झाले. तेवढ्यात एके दिवशी त्यांनी मान वर करून चक्क मराठीत विचारलं, "ही दुहेरी गाठ तुझी कां? गाईस हात कुठें, ही सोडायास?"

त्या वनजाबाई. तंजावरकडच्या मराठी, शाळेतून निवृत्त झालेल्या प्राणिशास्त्राच्या शिक्षिका. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा जुनं आणि मधूनमधून तमिळमध्ये बुडवून काढलेलं. आमचा कचरा जायचा तो पळ्ळिकरणैच्या पाणथळीकाठी साचलेल्या कचऱ्याच्या डोंगरावर. तिथल्या गाईंना भाताचा वास येतो, गाठ सुटत नाही, मग त्या पिशवीसकट भात गिळतात. घट्ट गाठ मारणं हे आपल्याकडे टापटिपीचं लक्षण. वनजाबाईंच्या मते सगळा घात त्या टापटिपीनंच केला होता.

"अस्के म्हणतात, घाण गेली," त्या म्हणत. अस्के म्हणजे सगळे. "गेली कुठें? बगळ्यांच्या घरांत जाऊन बसली." डोंगराला आग लागली की धूर आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. मी नाक मुरडत खिडकी लावायची आणि त्या हसायच्या. "लाव, लाव. पक्ष्यांस खिडकी नाही."

गेल्या वर्षी त्या गेल्या. बिल्डिंगमधले लोक त्यांच्या शिस्तीच्या आठवणी काढतात. मला मात्र एक सकाळ आठवते.

तेव्हा मी चेन्नईला पुरती कंटाळले होते. तमिळचा गंध नाही, नवरा दिवसभर बँकेत, शेजारणी नुसत्या मान हलवणाऱ्या. आईकडे निघून जावं, असं घोळत होतं मनात. वनजाबाईंनी ते ओळखलं असावं. "चल, बगळे बघूं," म्हणून त्यांनी मला रिक्षात घातलं.

पाणथळीकाठी, रस्त्याच्या कडेलाच एक गायबगळा पडला होता. गोणीच्या प्लॅस्टिकच्या सुतळीनं त्याचे दोन्ही पाय एकत्र आवळले गेले होते. उठायचा, कोलमडायचा. एक पाय सुजून काळसर दिसत होता. "आज सुटला नाही तर पाय गेला, आणि पाय गेला म्हणजे तोही गेला," बाई म्हणाल्या. त्यांनी रबरी मोजे चढवून खांद्यावरचा टॉवेल त्याच्यावर टाकला, डोकं अलगद झाकून चोच धरली. "चष्मा काढूं नको. बगळा डोळ्यांवरच टोचतो. काप तूं."

पर्समधल्या नेलकटरनं मी ती सुतळी कापायला बसले. पक्ष्याचं काळीज टॉवेलखाली धडधडत होतं, आणि माझंही. एकेक धागा तुटत गेला. शेवटचा तुटला तेव्हा मला रडू आलं.

बाईंनी त्याला सोडलं. तो क्षणभर दोन्ही पायांवर उभा राहिला, डगमगला आणि उडाला. समोर एवढी हिरवी लव्हाळी, एवढं पाणी. पण हा पठ्ठ्या वळला आणि थेट कचऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसला.

"मग आपण मिळवलं काय?" मी चिडून विचारलं.

"रागावूं नको, कण्णा. माश्या-किडे तिथें पुष्कळ. भूक लागली तर तो जाणारच." कण्णा म्हणजे बाळा. त्या शांतपणे मोजे काढत होत्या. "तिथें काय वाढायचं, तें मात्र आपल्या हातांत."

परतताना रिक्षात मी म्हटलं, "सुतळी कापून टाका, हे तमिळमध्ये कसं म्हणायचं?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "कयिर वेट्टि पोडुंगो."

घरी येईपर्यंत मी ते घोकत होते. संध्याकाळी एकटीच निघाले आणि बिल्डिंगमधल्या एकेका दारावर जाऊन, कचऱ्याच्या पिशवीकडे बोट दाखवत तेच म्हणाले. भाजीचा भाव विचारण्याआधी मी शिकलेलं हे पहिलं तमिळ वाक्य. पहिल्याच दारातल्या वयस्कर शेजारीण, बिल्डिंगच्या मामी, पोट धरून हसल्या, त्यांनी माझा उच्चार सुधारला आणि हाताला धरून आत कॉफीला नेलं. आज ह्या शहरात माझी म्हणून जी माणसं आहेत, ती सगळी मला त्या एका वाक्यावर मिळाली.