मध्येच घुसवलेली जाडी

दुसऱ्याची चूक सापडली की अण्णांना भूक लागायची. बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यातल्या आमच्या संगणक विभागाचे ते प्रमुख. आधी एखाद्याचा प्रोग्रॅमच्या पंच-कार्डांचा गठ्ठा टेबलावर आपटायचा, चारचौघांत त्याची लाज काढायची आणि मग शांतपणे इडली मागवायची, हा शिरस्ता. मला तो माणूस पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको असायचा.

बेळगावकडचे होते. मराठी माणूस म्हणजे सांभाळून घेईल, असं माझ्या भाबड्या आईला वाटलं होतं. फरक एवढाच, की इतरांना बोलणी इंग्रजीत बसत, मला मराठीत. "स्वल्प डोकं चालव की. चुकलेल्या आकड्याकडं काय बघत बसलीस? त्या वस्तूचे गुणधर्म कुणी कुठं लिहिले, ते बघ." शिकवण खरी होती, हे कबूल करताना आजही जिवावर येतं.

यंत्राच्या प्रत्येक भागाची लांबी, वजन वगैरे गुणधर्म संगणकात ठरलेल्या क्रमाने मांडलेले असत. तो क्रम अण्णांनी ठरवलेला. आमचे सगळे प्रोग्रॅम त्यावर विसंबून. माझी नोकरी कायम व्हायची होती. वडील अंथरुणाला खिळलेले, आणि रोज संध्याकाळी त्यांचा एकच प्रश्न असे, कागद आला का? नेमकं तेव्हाच माझ्या प्रोग्रॅमने भल्यामोठ्या चाकाचं वजन मुठीतल्या नटापेक्षा कमी दाखवलं, तेही संचालकांसमोर.

"गणितात पहिली आलीय म्हणे," अण्णा म्हणाले. सगळे हसले.

मी त्यांच्याच रीतीने शोधत गेले. अण्णांनी वजनाच्या आधी जाडी हा नवा गुणधर्म घुसवला होता आणि कुणाला सांगितलं नव्हतं. त्यामुळे वजनाच्या जागेवरून माझा प्रोग्रॅम जाडी उचलत होता. जाडी शेवटी जोडली असती तर काहीच बिघडलं नसतं. मी त्यांच्या खोलीत जाऊन, कुणी नसताना, त्यांना ते दाखवलं. "सरी," ठीक आहे, एवढंच कानडीत म्हणून त्यांनी जाडी शेवटी हलवली आणि संचालकांना कळवलं, की बाईंची चूक दुरुस्त झाली. माझं कायम होणं वर्षभर लांबलं.

पुढे काही वर्षांनी त्यांच्या निरोप समारंभात लोक रांगेने पाया पडत होते. गळ्यातल्या हारासकट ते माझ्यापाशी आले. "त्या टायमाला माझं प्रमोशन अडकलं असतं ग," हळूच म्हणाले. "तू काय, लहान होतीस. एक वर्ष गेलं तर गेलं."

"त्याच वर्षी माझे वडील गेले, अण्णा," मी म्हणाले. "शेवटपर्यंत कागदाचं विचारत होते."

मी नमस्कार न करता बाहेर पडले आणि बनशंकरीची बस गाठली.