रतनबाईचं बोट

भोरच्या बाहेर, नीरेकाठी, संस्थानची एक बाग होती. तिथला माळी कुंडलिक, मूळचा भोंगवलीचा. झाडांना पाणी घालणं हे त्याचं काम, पण गाव त्याला ओळखायचं ते पाखरांमुळे. बागेत पाहुणे आले की खंड्या कुठल्या खडकावर बसतो, पाणमांजर कुठल्या डोहात डोकं वर काढतं, हे तो काठावरून न चुकता दाखवायचा. दाखवायचा मात्र बोट मुडपून. कोवळ्या काकडीला सरळ बोट दाखवलं की ती कुजते, असं आपल्याकडे मानतात. कुंडलिकनं तोच नियम घरट्यांना लावला होता. त्या मुडपलेल्या बोटावरून नेमकी जागा ओळखायला मला, शाळामास्तराला, दोन महिने लागले. मी त्याची टर उडवायचो. तो हसायचा आणि बोट मुडपलेलंच ठेवायचा.

त्याची बायको रतनबाई दुपारी भाकरी घेऊन यायची ती दिवस मावळेपर्यंत काठावरच बसायची. तिची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. अडतीस सालच्या चैत्रात समोरच्या वाळूच्या बेटावर सुरयांच्या जोडीनं तीन अंडी घातली. पिवळ्या चोचीचे, काळी टोपी घातल्यासारखे दिसणारे हे पक्षी वाळूत नुसता खळगा करतात, आणि अंडीही वाळूच्याच रंगाची. रतनबाई दिवसभर काठावरून कावळे हाकायची, कुत्री हाकायची.

"येवढी उडू द्या, मास्तर," ती म्हणायची. "मग माझं काय बी होऊ द्या."

बेटावर पाय ठेवायचा नाही, असं कुंडलिकनं मला बजावलं होतं. पण आम्ही पडलो शिकलेले! अंड्यांवरचे ठिपके कसे असतात, ते माझ्या वहीत लिहायचं राहिलं होतं. एका दुपारी कुंडलिक मोटेवर होता, तेव्हा मी धोतर खोचून गुडघाभर पाण्यातून बेटावर गेलो. सुरय डोक्यावर किंचाळत घिरट्या घालू लागले. काठावरून रतनबाईही ओरडली. वळून पाहिलं, तर ती हात लांब करून, बोट सरळ रोखून, माझ्या पायांपुढची जागा दाखवत होती. तिच्याकडे बघतच मी पाऊल टाकलं आणि टाचेखाली कचकन आवाज झाला. तिन्ही गेली.

मी परत आलो तोवर कुंडलिकही धावत आला होता.

"पाखरं ओरडत होती म्हणून बघायला गेलो," मी म्हणालो. "खळग्याशी पोचलो, तर अंडी आधीच फुटलेली."

काठावरून तिला माझी टाच दिसली नव्हती. तिनं ते बोट दुसऱ्या मुठीत धरलं. "म्या बोट दावलं वो," नवऱ्याला म्हणाली. "आत्ताच. सरळ."

"तुला ठावं न्हवतं व्हय?" कुंडलिक म्हणाला, आणि पुढे चार दिवस तिच्याशी बोलला नाही. मी तिथंच उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं, तेवढंही माझ्यानं झालं नाही.

त्यानंतर ती नदीवर आली नाही. महिन्याभरानं धीर करून मी त्यांच्या घरी गेलो. ती पीठ मळत होती, ते एक बोट मुडपून. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "मास्तर, माझ्या पोरांस्नी बी म्याच कवातरी बोट दावलं आसंल. ध्यानात न्हाई ऱ्हायलं." मी तिनं दिलेलं पाणी प्यालो आणि उठून आलो. त्या दिवशी मला माझी जितकी किळस आली, तितकी कधी कुणाची आली नाही.

पावसाळ्यात ती तापानं गेली. दहाव्याच्या दिवशी घाटावर मी कुंडलिकला सगळं सांगितलं. टाच, कचकन आवाज, खोटं बोलणं, सगळं. तो मला मारील असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तिला सांगायचं व्हतं, मास्तर," तो म्हणाला. "आता मला कशाला सांगताय?"