पेनीकाका आणि चिंचेने धुतलेलं नाणं

पेनीकाका डोळे मिटून नाण्यावरून अंगठा फिरवत आणि ते किती जुनं ते सांगत. बहुतेक वेळा बरोबर. अमेरिकेत, श्रूजबरी गावात आमच्या शेजारी, वैशालीकडे, म्हणजे त्यांच्या लेकीकडे, ते नागपूरहून येऊन राहिले होते. मी नवऱ्याच्या व्हिसावर आलेली. नोकरीची परवानगी नाही. दोन हजार तीनच्या त्या हिवाळ्यातल्या माझ्या दुपारी त्यांच्या खिडकीपाशी विरघळून जायच्या.

गराज सेलमधल्या जुन्या सामानातून बटणं-नाण्यांच्या बरण्या आणून ते त्यातली एकेक पेनी, एका सेंटचं तांब्याचं नाणं, भिंगाखाली धरत. पिसांचा मुकुट घातलेला चेहरा दिसला की हरखून जात. "ही कुणाच्या खिशातून हिंडली असेल गं?" बाहेर बर्फ पडत राही आणि आम्ही दोघं त्या अनोळखी खिशांतून भटकत राहायचो.

एका बरणीत त्यांना १८७७ची पेनी सापडली. फार दुर्मिळ. "हिच्यावर माझं परतीचं तिकीट निघतंय," ते हळूच म्हणाले. "वैशालीला मागायला नको. तिला वाटेल, बाबांना इथे करमत नाही." तिच्या नजरेस पडू नये म्हणून पेनी त्यांनी माझ्याकडे ठेवली.

पेनी विकायला जुन्या नाण्यांच्या दुकानदाराकडे जायचं त्या सकाळी मी देवाची भांडी चिंचेने घासत होते. काकांना बरं वाटेल म्हणून पेनीही घासली. लख्ख, गुलाबी निघाली.

काकांनी ती खिडकीपाशी उजेडात धरली. "अगं, तो तपकिरी रंग चढायला सव्वाशे वर्षं लागली होती."

दुकानदाराने भिंग लावलं आणि मान हलवली. घासल्यामुळे किंमत पार उतरली होती. परतताना गाडीत मला रडू आवरेना. काका बाहेरची पांढरी झाडं बघत होते. मग म्हणाले, "रडू नकोस. लेकीशी बोलायचं सोडून मी नाण्यांशी बोलत बसलो."

संध्याकाळी त्यांनी वैशालीला सगळं सांगितलं. भाजी चिरता चिरता ती थांबली.

"बाबा, मला वाटायचं तुम्हाला इथे आवडतंय."

"आवडतं गं. पण घरी जायचंय."

तिने नागपूरची दोन तिकिटं काढली. महिन्याने एकटीच परत आली.

दीड वर्षाने काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्याजवळ बसले होते. फोन ठेवून ती म्हणाली, "त्या महिन्यात आम्ही रोज अंगणात चहा घेऊन बसायचो. ऊन पायांवरून सरकत भिंतीपर्यंत जायचं. तरी दोघांपैकी कुणीच उठायचं नाही."